फाइलवर लाल पेनाने लिहिलेली ॲलर्जी

भांडुपच्या एका आईने विचारलं आहे. मुलगा सव्वाचार वर्षांचा. तीन वर्षांचा असताना ताप आला आणि कान दुखतो म्हणून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनिक ॲसिडचं सिरप सुरू झालं. (अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातलं अँटिबायोटिक.) सहाव्या दिवशी छाती-पाठीवर लाल पुरळ उठलं. डॉक्टरांनी औषध बंद केलं, फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. तेव्हापासून चार वेळा ॲझिथ्रोमायसिन हे वेगळ्या कुळातलं अँटिबायोटिक देऊन झालं. आता शाळेच्या फॉर्ममध्ये ॲलर्जीचा रकाना भरायचा आहे. आईचे प्रश्न तीन. याला जन्मभर पेनिसिलिन चालणार नाही का? रक्त तपासून नक्की कळेल का? आणि धाकटी दहा महिन्यांची आहे, तिलाही हे औषध टाळायचं का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दाचं आहे. नाही. नाकडोळे आईवर जातात, बापावर जातात. औषधाची ॲलर्जी तशी जात नाही. दादाच्या अंगावर उठलं म्हणून धाकटीचं औषध अडवायचं कारण नाही. ‘यांचा लहानपणी टेस्ट डोसला हात सुजला होता, म्हणून आम्ही बाळाला पेनिसिलिन देतच नाही’ हे लालबागच्या दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं ऐकते आहे. घराण्याचा इतिहास मी ऐकून घेते, पण औषध बाळाचा आजार बघून लिहिते.

दुसऱ्याचं उत्तरही जवळजवळ नाहीच. घरी येऊन रक्त नेणारे आणि दीडशे-दोनशे गोष्टींच्या ॲलर्जीचा रंगीत तक्ता हातात देणारे पुष्कळ आहेत. त्या तक्त्यात वांगं असेल, झिंगा असेल, धूळ असेल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसेल. पेनिसिलिनसाठी रक्तातली आयजीई, म्हणजे ॲलर्जीत शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं, मोजता येते, पण ती फक्त तडकाफडकी येणाऱ्या रिॲक्शनबद्दल काही सांगू शकते, आणि तिथेही खरी ॲलर्जी असलेली बरीच मुलं तिच्यातून निसटतात. सहाव्या दिवशी उठलेल्या पुरळाचा त्या आयजीईशी संबंधच नसतो. ते पैसे राहू द्या.

आता पहिला प्रश्न. तुमचा मुलगा मी पाहिलेला नाही, तेव्हा छातीठोकपणे काही सांगणार नाही. पण तुम्ही जेवढं लिहिलं आहे तेवढ्यावरून मला ही ॲलर्जी वाटत नाही. हे माझं एकटीचं धाडस नव्हे. कॅनडात मॉन्ट्रिअलच्या बालरुग्णालयात अमॉक्सिसिलिनच्या ॲलर्जीचा संशय असलेल्या ८१८ मुलांना डॉक्टरांच्या नजरेखाली तेच औषध पुन्हा देऊन पाहिलं. २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. ९४ टक्के मुलांना काहीही झालं नाही. लगेच रिॲक्शन आलेली मुलं १७, आणि उशिरा पुरळ वगैरे आलेली ३१. म्हणजे ‘ॲलर्जी आहे’ म्हणून आलेल्या शंभरातल्या चौऱ्याण्णव मुलांचं औषध विनाकारण बंद होतं.

मग पुरळ आलं कुठून? बहुतेक वेळा आजारातूनच. लहान मुलाच्या तापात आजार आणि औषध मागेपुढे सुरू होतात, आणि अंगावर काही उठलं की नाव औषधाचं होतं. रोझिओला नावाचा एक आजार घ्या. साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांना होतो. तीन-चार दिवस सणसणून ताप, १०३-१०४ पर्यंत, आणि तरी बाळ अधूनमधून खेळतं. मग ताप एकदम उतरतो आणि उतरल्यावर अंगावर गुलाबी पुरळ येतं. आता घरात काय घडतं बघा. पहिल्या दिवशी पॅरासिटामॉल. दुसऱ्या दिवशी आजीचा धीर सुटतो. तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू. चौथ्या दिवशी ताप गेला, ‘औषध लागू पडलं’. संध्याकाळी पुरळ आलं, ‘औषध उष्ण पडलं’. दोन्ही वाक्यं एकाच घरातली, एकाच दिवसातली, आणि बिचाऱ्या औषधाने दोन्हींपैकी काहीच केलेलं नसतं.

मुंबईत तर पुरळाला कारणांचा तोटा नाही. पावसाळ्यात पाळणाघरांतून हात-पाय-तोंडाचे फोड फिरतात, गणपतीच्या सुमारास डेंग्यू येतो. २०२२ च्या अखेरीस गोवंडीकडे गोवराची साथ होती, तेव्हा माझ्याकडे एक मूल ‘अँटिबायोटिकची रिॲक्शन’ म्हणून आणलं होतं. पुरळ कानामागून सुरू होऊन खाली उतरलेलं, डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला. तो सरळसरळ गोवर होता. औषधाच्या नावाने बोटं मोडून गप्प बसलो असतो तर शेजारच्या तान्ह्यांना कुणी जपलं असतं?

विषाणू आणि औषध मिळूनही पुरळ उठवतात, हे ऐकून पालक चक्रावतात. एपस्टाईन-बार विषाणूचा ताप असतो, मानेतल्या गाठी सुजतात, घसा पांढरा होतो. त्यात चुकून अमॉक्सिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन दिलं तर अंगभर लालभडक पुरळ येऊ शकतं. तोच मुलगा बरा झाल्यावर तेच औषध घेतो आणि बहुतेक वेळा काही होत नाही.

अंगावर पित्त उठणं, म्हणजे त्या खाजणाऱ्या, फुगलेल्या, जागा बदलणाऱ्या गांध्या, याचंही लहान मुलांतलं मोठं कारण साधा संसर्गच असतो. आमसुलाचं पाणी लावायला माझी हरकत नाही, मुलाला थंड वाटतं. पण पित्त औषध घेतल्यापासून किती वेळाने उठलं, हे मला मिनिटांत हवं असतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास होते. अँटिबायोटिक एकटं येत नाही. त्याच्याबरोबर तापाला आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड, सर्दीचं एक लाल सिरप, खोकल्याचं एक, वर पोट सांभाळायला पुडी. पाचांपैकी कुणी अंगावर उठवलं? आळ मात्र नेहमी अँटिबायोटिकवर. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिडने पित्त उठतं, चेहरा सुजतो, आणि मेफेनॅमिक ॲसिडबद्दल तर इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये ड्रेस नावाच्या गंभीर रिॲक्शनचा इशारा दिला होता. ‘ताप उतरत नाही’ म्हणून शेजारणीकडची बाटली आणून दोन मिली पाजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मी पालकांना काय विचारते ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही तयार याल. कितव्या दिवशी, कितव्या डोसनंतर, आणि त्या डोसनंतर किती वेळाने? पुरळ सपाट की फुगलेलं? एक डाग तिथेच दोन दिवस राहिला की तासाभरात हलला? खाज? ओठ, पापण्या, जीभ सुजली? आवाज बसला, घरघर झाली, उलट्या झाल्या, मूल मलूल पडलं? तोंडात किंवा शूच्या जागी फोड? ताप होता की गेला होता? दुसरं काय काय चालू होतं? औषध बंद केल्यावर किती दिवसांत गेलं, आणि जाताना साल निघाली का? हे सगळं आठवत नाही, मला माहीत आहे. म्हणून फोटो. आजकाल मुलाच्या बारशाचे चारशे फोटो मोबाइलमध्ये असतात आणि पुरळाचा एक नसतो. उजेडात, पूर्ण पाठीचा एक आणि जवळून एक, शिवाय बाटलीच्या लेबलचा एक. एवढ्याने निम्मं निदान होतं.

निम्मं निदान न करता लिहिलं की काय होतं, ते मी माझ्याच हाताने पाहिलं आहे. दवाखाना नवा होता तेव्हाची गोष्ट. चाळीतला एक सात वर्षांचा मुलगा, घशाच्या संसर्गासाठी अमॉक्सिसिलिन चालू, पाचव्या दिवशी पुरळ. ओपीडीत गर्दी होती. मी ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं, आणि जपून वागल्याचं समाधान घेऊन पुढचा नंबर बोलावला. चार वर्षांनी तो परत आला तो गुडघा सुजलेला, मग घोटा, मग कोपर. आणि हृदयाची एक झडप गळायला लागलेली. ऱ्हुमॅटिक ताप. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या संसर्गामागून हा येतो, म्हणून यात तो जंतू परत परत येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि झडपेला इजा झाली असेल तर निदान दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. हा स्ट्रेप्टोकॉकस आजही पेनिसिलिनला हटकून मरतो, इतका प्रामाणिक जंतू दुसरा नाही. पण या मुलाच्या कागदावर माझंच अक्षर होतं. इंजेक्शन द्यायला कुणी धजेना. रोज दोनदा एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या सुरू झाल्या; पोट दुखायचं, सुट्टीत गावी गेला की गोळ्या राहायच्या. सात-आठ महिन्यांनी एका मोठ्या रुग्णालयात भरती करून त्याची नीट तपासणी झाली. ॲलर्जी नव्हती. इंजेक्शन सुरू झालं. मधल्या महिन्यांत झडपेचं नुकसान वाढलं नाही हे नशीब, माझी हुशारी नव्हे.

लाल पेनाची किंमत ही अशी असते. एरवीही ती रोज थोडी थोडी मोजावी लागते. तुमच्या मुलाचंच बघा. कानाच्या संसर्गात आणि न्यूमोनियात पहिलं औषध अमॉक्सिसिलिन, स्वस्त आणि नेमकं. त्याऐवजी चार वेळा ॲझिथ्रोमायसिन गेलं, ज्याला या दोन्ही आजारांतला नेहमीचा जंतू, न्यूमोकॉकस, आपल्याकडे पुष्कळदा दाद देत नाही. पुढच्या वेळी कुणीतरी त्याहून जड औषध लिहील, मग सलाईनमधून देण्याचं. (त्या चार वेळांपैकी किती वेळा अँटिबायोटिक लागतच नव्हतं, हा वेगळा प्रश्न. मला विचाराल तर निम्म्या तरी.)

हे सगळं वाचून कुणी उत्साहाने घरात उरलेल्या बाटलीतून चमचाभर पाजून बघू नका. खरी ॲलर्जी असते. थोड्या मुलांना असते, पण असते, आणि तिची दोन रूपं ओळखता आलीच पाहिजेत.

पहिलं रूप तडकाफडकीचं. डोस घेतल्यावर काही मिनिटांत, बहुतेक वेळा तासाभरात. अंगभर गांध्या, ओठ-पापण्या सुजणं, आवाज घोगरा होणं, घरघर, धाप, वारंवार उलट्या, हातपाय गार, मूल निपचित. कधीकधी अंगावर काहीच दिसत नाही आणि थेट श्वास अडतो किंवा मूल कोसळतं. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि याचं औषध एकच, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. माझ्या व्यवसायबंधूंनाही इथे एक सांगते, कारण चूक आपल्याच बाजूची आहे. आधी ॲव्हिल, मग हायड्रोकॉर्टिझोन, मग थोडं थांबून बघू, आणि ॲड्रेनॅलिनला हात लावायचा तो अगदी शेवटी, ही सवय मुलांच्या जिवावर बेतते. दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलीत एक मिलिग्रॅमवाल्या अँप्यूलमधून दहा किलोच्या बाळाला ०.१ मिली. अँप्यूल काही रुपयांची असते. ती ट्रेमध्ये हवी, कपाटाच्या कुलपात नको. पालकांनी करायचं एवढंच: मुलाला आडवं ठेवा, पाय उंच करा, धाप लागली असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. जवळ जो दवाखाना किंवा नर्सिंग होम असेल तिथे जा, १०८ ला फोन लावा. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसाठी ट्रॅफिकमधून दादर गाठायची ही वेळ नव्हे. घरातलं सेट्रिझिन खाज थांबवतं, श्वास उघडत नाही.

दुसरं रूप उशिराचं आणि कातडी सोलणारं. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी. आधी ताप, डोळे चुरचुरणं, मग पुरळ. पण हे पुरळ खाजण्यापेक्षा दुखतं. ओठ फाटतात, तोंडात आणि शूच्या जागी फोड येतात, कातडी भाजल्यासारखी सुटते. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात तो हाच. या उशिराच्या रूपाच्याच दुसऱ्या प्रकारात, म्हणजे मघाशी उल्लेख केलेल्या ड्रेसमध्ये, चेहरा सुजतो, गाठी येतात, यकृताला त्रास होतो. सल्फाची औषधं, आकडीची काही औषधं ही यातली जुनी नावं. यांतलं काही झालं असेल तर ते औषध त्या मुलाला पुन्हा कधीच नाही. चाचणीसाठीसुद्धा नाही. इथे लाल पेन काढाच, माझी परवानगी आहे.

या दोन टोकांच्या मध्ये एक त्रासदायक प्रकार असतो. औषध सुरू झाल्यापासून आठवडा-दोन आठवड्यांनी पित्तासारखं पुरळ, ताप, आणि सांधे सुजून मूल चालायला नकार देतं. सेफाक्लोर नावाच्या अँटिबायोटिकने आणि अमॉक्सिसिलिनने हे होऊ शकतं. दिसायला भयंकर, बरं होतं पूर्ण. पण ते औषध पुन्हा द्यायचं की नाही हे तज्ज्ञाने ठरवावं.

आणि जे ॲलर्जी नाहीच ते. क्लॅव्ह्युलनिक ॲसिडने जुलाब होतात, दुपट्याच्या जागी लाल चट्टे येतात. त्रास आहे, ॲलर्जी नव्हे. टीबीच्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. वँकोमायसिन हे सलाईनमधून द्यायचं अँटिबायोटिक भराभर दिलं की चेहरा-मान लाल होते, हळू दिलं की होत नाही. जी-सिक्स-पीडी या, रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलाला काही सल्फा औषधांनी रक्त फुटून कावीळ होते. मुंबईत पारशी घरांत ही कमतरता जास्त दिसते, म्हणून तिथे मी आवर्जून विचारते. ही गोष्ट फाइलवर लिहिलीच पाहिजे, फक्त ॲलर्जीच्या रकान्यात नव्हे.

आता टेस्ट डोस. महाराष्ट्रात पेनिसिलिनची भीती जुनी आहे. पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५०च्या दशकात उभा राहिला आणि तो काळ इंजेक्शनांचा होता. ‘सुई टोचली आणि माणूस गेला’ अशी एक तरी गोष्ट प्रत्येक घराण्यात असते, आणि सगळ्या खोट्या नसतात. म्हणून हातावर थोडं औषध टोचून बघायची पद्धत पडली. नीट पातळ केलेलं औषध, तुलनेसाठी दुसरी टोचणी आणि वाचता येणारी नजर असेल तर त्वचेच्या चाचणीला अर्थ आहे. घाईत अंदाजाने पातळ करून टोचलेल्या थेंबाला तेवढा नाही. औषधाच्या जळजळीनेही लाल होतं आणि मुलावर शिक्का बसतो. उलट, हात लाल झाला नाही म्हणून पुढे काही होणारच नाही अशीही हमी नाही. शिवाय ही चाचणी फक्त तडकाफडकीच्या रिॲक्शनची. सहाव्या दिवशीच्या पुरळाला तिचा उपयोग नाही.

तुमच्या मुलासाठी योग्य चाचणी वेगळी आहे, आणि साधी आहे. मूल ठणठणीत असताना, ताप-सर्दी नसताना, दमा असेल तर तो काबूत असताना, ज्या दवाखान्यात ॲड्रेनॅलिन आणि ते देणारा माणूस दोन्ही हजर असतात तिथे जायचं. सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची औषधं डॉक्टरांना विचारून पाच-सात दिवस आधी बंद. मग अमॉक्सिसिलिनच्या डोसचा दहावा भाग पाजतात, वीस ते तीस मिनिटं थांबतात, मग उरलेला डोस, आणि तास-दोन तास मुलावर लक्ष. आधी फक्त सौम्य, उशिरा आलेलं पुरळ होतं अशा मुलाला त्वचेची चाचणी न करता थेट हे करता येतं. काही डॉक्टर पुढे काही दिवस घरी डोस द्यायला सांगतात, उशिराचं पुरळ पकडण्यासाठी. पुरळ उठलंच तर बहुतेक वेळा ते सौम्य असतं, आणि मग निदान पुराव्यानिशी लिहिता येतं. पहिल्या वेळी श्वास अडला होता किंवा मूल कोसळलं होतं अशा मुलाची वाट वेगळी. तिथे आधी ॲलर्जीतज्ज्ञ आणि त्वचेची चाचणी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरोग विभागात किंवा मुलांच्या ॲलर्जीतज्ज्ञाकडे चौकशी करा. कुणी ‘कशाला त्या भानगडीत पडता, दुसरं औषध आहे ना’ म्हणालं, तर मघाचा चाळीतला मुलगा आठवा.

ज्यांना खरोखर तडकाफडकीची ॲलर्जी असते त्यांचीही ती कायम राहत नाही. साधारण दहा वर्षांत दहांपैकी आठांची निघून जाते. तेव्हा जन्मभराचा शिक्का तिथेही घाईचा असतो.

चाचणी होईपर्यंतचं सांगते. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन आणि क्लॅव्ह्युलनिक ॲसिडवालं मिश्रण देऊ नका, आणि बाटलीवरचं मोठं नाव न वाचता खालचं बारीक नाव वाचा. आपल्याकडे एकाच औषधाची इतकी नावं आहेत की केमिस्टसुद्धा गोंधळतो. सेफिक्झिमसारखं औषध चालेल का, असं तुम्ही विचाराल. पेनिसिलिन चालत नाही त्यांतल्या दहा टक्क्यांना सेफॅलोस्पोरिन, म्हणजे सेफिक्झिमच्या कुळातली औषधंही चालत नाहीत, हे आम्ही कॉलेजात पाठ केलेलं वाक्य. तो आकडा जुन्या काळचा आहे. तेव्हा सेफॅलोस्पोरिनमध्येच पेनिसिलिनचे अंश मिसळलेले असत. आज तो दोन टक्क्यांच्या आसपास धरतात, आणि खरा मुद्दा औषधाच्या रेणूच्या बाजूच्या साखळीचा; ती जुळली तर भीती जास्त. अमॉक्सिसिलिनची साखळी सेफॅड्रॉक्सिलशी जुळते, ॲम्पिसिलिनची सेफॅलेक्सिन आणि सेफाक्लोरशी. सेफिक्झिम आणि सेफ्ट्रायॅक्झोनची वेगळी. तुमच्या मुलासारख्या इतिहासात मी गरज पडली तर सेफिक्झिम बिनघोर लिहीन. पण लिहीन मी, केमिस्ट नव्हे.

गंभीर रिॲक्शन आली असेल तर ती कळवण्याची सोयही आहे. भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक डॉक्टरांइतकाच पालकांसाठीही आहे.

शाळेच्या फॉर्मवर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असे दोन शब्द टाकू नका. असं लिहा: ‘वयाच्या तिसऱ्या वर्षी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनिक ॲसिड सुरू असताना सहाव्या दिवशी अंगावर पुरळ. श्वासाचा त्रास नाही, सूज नाही, फोड नाहीत. तपासणी बाकी. तोवर हे औषध देऊ नये.’ यांतलं ‘नाही’ तुम्हाला नक्की आठवत असेल तरच लिहा. रकाना पुरणार नाही, चिठ्ठी जोडा.

चाचणीला जाताना मुलाला बनियन आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाला, म्हणजे अंग बघता येतं. नवीन खाऊ त्या दिवशी नको, नाहीतर उठलेल्या गांध्या कुणाच्या नावावर मांडायच्या ते कळत नाही. जुनी फाइल न्या. काहीच झालं नाही तर पहिल्या पानावरची ती लाल ओळ तिथल्या डॉक्टरांकडूनच खोडून घ्या. बाजूला तारीख, दिलेला डोस आणि सही. त्या पानाच्या झेरॉक्स काढून एक शाळेत, एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या, आणि घरी आजींना स्वतः वाचून दाखवा. पुढच्या तापात रात्री दहा वाजता तुम्ही कामावरून लोकलमध्ये अडकलेल्या असाल, तेव्हा ‘याला पेनिसिलिन चालत नाही हो’ असं नव्या डॉक्टरांना सांगणाऱ्या त्याच असतात.